मुलाच्या लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला काढायचाय, पण लग्न लॅटिन मिस्सावाल्यांकडे आहे

पेटीवाला_वसई

नमस्कार मंडळी,

धाकट्याचं लग्न ठरलं. मुलगी फ्रेंच, माणसं चांगली. व्हिडिओ कॉलवर दोनदा बोलणं झालं. त्यांचं इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं, त्यामुळे कोणी कोणाला बुजलं नाही. लग्न पुढच्या जूनमध्ये, तिकडेच. तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागितलाय, सहा महिन्यांच्या आतला. तो आमच्या धर्मग्रामाच्या ऑफिसातून मी काढून पाठवायचा. पाच मिनिटांचं काम. वही उघडायची, नाव शोधायचं, फादर सही-शिक्का करून देतात. तीन आठवडे झाले, रोज त्या दारावरून स्कूटर नेतो आणि आत काही जात नाही. कारण फादर सहज विचारणार, "लग्न कुठल्या चर्चला?"

लग्न एसएसपीएक्सच्या चर्चला आहे. पोप दहावे पायस यांच्या नावाने चालणारा धर्मगुरूंचा संघ. फक्त जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना जुन्या विधीने, करणारे. ज्यांना माहीत आहे त्यांच्या भुवया आत्ताच वर गेल्या असतील.

पोरगा चार वर्षांपूर्वी नोकरीला तुलूझला गेला. इथे असताना रविवारची मिस्सा म्हणजे मी हाक मारायची आणि त्याने कूस बदलायची. तिकडे पहिल्याच वर्षी ऑफिसातला मित्र त्याला पायी यात्रेला घेऊन गेला. पेंटेकॉस्टच्या सणाला पॅरिसहून शार्त्रच्या कॅथेड्रलपर्यंत, तीन दिवस, शंभर किलोमीटर, रात्री तंबूत. आम्हाला वारीच आठवली, कौतुक वाटलं. तळपायाच्या फोडांचा फोटो आला तेव्हा त्याच्या आईने कैलास जीवनची डबी पाठवू का म्हणून विचारलं होतं. दुसऱ्या वर्षी गेला तो शार्त्रहून पॅरिसला. मला वाटलं रस्ता तोच, यंदा उलटा. दिशा बदलली म्हणजे मंडळीही बदलली, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या नाताळात घरी आला होता. मध्यरात्रीच्या मिस्साला आमच्याबरोबर आला, पण शेवटच्या बाकावर. मी क्वायरमध्ये पेटीवर असतो, तिथून सगळं देऊळ दिसतं. सगळे उभे, तेव्हा हा गुडघ्यावर. कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची, रांग लागली, हा जागचा हलला नाही. वाडीतल्या बायकांनी ते बरोबर टिपलं. सकाळी केक घेऊन आलेल्या प्रत्येकीने त्याच्या आईला विचारलं, "बरं नव्हतं का गं त्याला?"

नाश्त्याला मी विषय काढला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "पप्पा, तुमची मिस्सा वैध आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिच्यात बलिदान झाकलं गेलंय आणि जेवण वर आलंय. फादर वेदीकडे तोंड करायचे ते लोकांकडे करायला लागले, तिथपासून सगळं घसरलं." मग "क्रायसिस" म्हणत फ्रान्समधली रिकामी चर्चेस, फादर घडवणाऱ्या ओस पडलेल्या सेमिनऱ्या, असं बरंच. आणि शेवटी म्हणाला की दहाव्या पायस पोपनी १९०३ सालीच सांगून ठेवलंय, देवळात कुठलं वाद्य चालतं आणि कुठलं नाही.

मी चौतीस वर्षं त्या देवळात पेटी वाजवतोय. याच्या बाप्तिस्म्याला मीच वाजवली होती.

तर प्रश्न. ही माणसं कॅथलिक आहेत की नाहीत? हे लग्न चर्चच्या लेखी लग्न ठरेल का? आणि जुनी लॅटिन मिस्सा ज्यांनी खरोखर पाहिली आहे असं इथे कोणी असेल, तर ती होती कशी? मी १९६८चा, मला फक्त मराठी आठवते. "आजकालची मुलं" छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरी मिळतात.


अर्धा_फादर

पेटीवाले, सहा वर्षं सेमिनरीत काढून बाहेर पडलोय, आता बँकेत आहे. दोन्हीकडे कागद महत्त्वाचा, म्हणून कागदापासून सुरुवात करतो.

दाखला काढा. आजच. तो तुमच्या मुलाचा हक्क आहे, फादरांची मेहेरबानी नव्हे. शिवाय लग्न कुठेही झालं तरी त्याची नोंद परत याच वहीत, त्याच्या नावासमोरच्या समासात यायला हवी, असा चर्चचा कायदाच आहे. म्हणजे लपवून ठेवण्यात तसाही अर्थ नाही.

आता कॅथलिक की नाही. आर्चबिशप मार्सेल लफेव्र हे फ्रेंच मिशनरी, डाकारचे आर्चबिशप होते, व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेत (जगभरच्या बिशपांची सभा, १९६२ ते ६५) स्वतः बसलेले. परिषदेच्या शेवटी-शेवटी धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरून त्यांचं बिनसलं. मग १९६९ची नवी मिस्सा आली. १९७० साली त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये संघ काढला, तोही फ्रीबूरच्या बिशपांची रीतसर परवानगी घेऊन. एकोनला सेमिनरी. १९७५ मध्ये ती परवानगी काढून घेतली गेली. त्यांनी ऐकलं नाही, दीक्षा देत राहिले, १९७६ मध्ये निलंबित झाले. तरी हा सगळा घरातला वाद होता. तुटलं ते ३० जून १९८८ला. आपण गेल्यावर दीक्षा द्यायला कोणी उरणार नाही म्हणून त्यांनी पोपच्या परवानगीशिवाय चार बिशप अभिषिक्त केले. बहिष्कार आला.

तो बहिष्कार पोप सोळाव्या बेनेडिक्टनी जानेवारी २००९ मध्ये चौघांवरून उठवला. (त्याच आठवड्यात त्यातल्या विल्यमसन यांची एक मुलाखत बाहेर आली, ज्यूंना मारण्यासाठी गॅस चेंबर नव्हतेच म्हणणारी. जगभर छी-थू झाली. संघाने त्यांना काढलं, पण २०१२ मध्ये. पोराशी बोलताना हेही माहीत असू द्या.) पण बहिष्कार उठला म्हणजे संघाला मान्यता मिळाली असं नाही. घरातून हाकललेलंही नाही आणि रेशनकार्डावर नावही नाही, अशी स्थिती आहे. मिस्सा खरी, फादर खरे, अधिकार नाही. तुमचा मुलगा तिथे जातो म्हणून तो बहिष्कृत वगैरे काही नाही.

लग्नाला मात्र अधिकार लागतो. कॅथलिक लग्न अधिकार असलेल्या धर्मगुरूसमोर लागलं नाही तर ते लागतच नाही. इथे पोप फ्रान्सिस यांनी दार उघडून ठेवलंय. आधी २०१५च्या दया-वर्षासाठी या संघाच्या फादरांना पापनिवेदन ऐकायचा अधिकार दिला, वर्ष संपल्यावर तो पुढे चालू ठेवला. मग २०१७ मध्ये लग्नासाठी रोमहून पत्र निघालं. तिथल्या बिशपांनी आपला एक फादर वधूवरांची संमती घ्यायला पाठवायचा, मिस्सा संघाचे फादर करतील. तसं जमत नसेल, तर बिशपांनी संघाच्या फादरांनाच तो अधिकार द्यायचा. तेव्हा पोराला एकच विचारा: बिशपांचं पत्र घेतलंय का? संघातले काही म्हणतात की सध्या आणीबाणी आहे, पत्राची गरज नाही. ते ऐकू नका. पत्र घ्या.

यात्रेचं तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर. १९८८च्या फुटीनंतर यात्राही फुटली. रोमबरोबर राहिले ते पॅरिसहून शार्त्रला जातात, संघवाले शार्त्रहून पॅरिसला. एकाच पेंटेकॉस्टला.


निरीश्वर_नाना

बाहेरच्या माणसाचा भाबडा प्रश्न. देवाला लॅटिन कळतं आणि मराठी कळत नाही का?


ओढणीवाली_पुणे

नाना, तुमच्या घरच्या सत्यनारायणाला गुरुजी कुठल्या भाषेत बोलतात? देवाला कळावं म्हणून?

काका, मी तुमच्या मुलाच्या बाजूची आहे हे आधीच सांगते. संघात जात नाही. आमच्या पॅरिशमध्ये साधी इंग्रजी मिस्सा असते, रविवारी तिथेच असते मी, डोक्यावर ओढणी घेऊन. त्यावरून टोमणे खाते. घरी १९६२चं मिस्सल, म्हणजे मिस्साचं पुस्तक, आहे, एका पानावर लॅटिन, समोर इंग्रजी. ते वाचत बसते.

तुमचा मुलगा जे बोलला ते उद्धट वाटलं तरी पोकळ नाही. भाषा हा मुद्दाच नाहीये. जुन्या मिस्सात अर्पणाच्या वेळी फादर नुसती भाकर हातात घेऊन म्हणायचे, "हे निष्कलंक बलिदान स्वीकार." अजून ती भाकरच आहे, पण पुढे काय होणार आहे ते धरून बोलायचं. नव्या विधीत त्या जागी जेवणाआधीच्या ज्यू आशीर्वादाच्या धर्तीवरची प्रार्थना आली, "धन्य तू, विश्वाच्या परमेश्वरा". सुंदर आहे. पण दोन्हींत फरक आहे, आणि माणूस जशी प्रार्थना करतो तसा हळूहळू विश्वास ठेवायला लागतो. ओत्ताव्हियानी आणि बाच्ची या दोन कार्डिनलनी १९६९ मध्ये हीच भीती पोप सहावे पॉल यांना लेखी कळवली होती. ते काही गल्लीतले लोक नव्हते. ओत्ताव्हियानी रोमच्या श्रद्धाविषयक खात्याचे प्रमुख राहिलेले.

आणि गंमत म्हणजे परिषदेने हे सगळं सांगितलंच नव्हतं. १९६३चा उपासनेवरचा दस्तऐवज म्हणतो, लॅटिनचा वापर टिकवावा, लोकभाषेला जास्त वाव द्यावा, आणि ग्रेगोरियन या जुन्या लॅटिन गायनाला मानाचं पान असावं. फादरांनी तोंड फिरवावं असं त्यात कुठेही नाही. ते नंतर आलं, समित्यांमधून आणि उत्साहातून. सहावे पॉल स्वतः १९७२ मध्ये म्हणाले की कुठल्याशा फटीतून सैतानाचा धूर देवाच्या मंदिरात शिरलाय. परिषद पूर्ण करणारा पोप हे बोलतो, म्हणजे "क्रायसिस" हा शब्द तुमच्या मुलाने यूट्यूबवरून उचललेला नाही.

माझ्या आईला हे पटत नाही. ती म्हणते, आम्ही त्या लॅटिनमधून सुटलो आणि तू परत शिरतेस. पण तिने जे टाकलं ते तिने बघून टाकलं. मला कोणी दाखवलंच नव्हतं. राग त्याचा आहे.

एक मात्र कबूल करते. आमच्यातले काही मुलगे असह्य असतात. ओढणी किती इंच, कोण कितव्या सेकंदाला गुडघ्यावर बसलं. तुमचा त्यातला वाटत नाही. तो आईच्या हातचा केक खाऊन गेला ना?

आता पेटीबद्दल. १९०३च्या पत्रात पियानोवर बंदी आहे. ढोल, झांजा, घंटा असल्या वाजणाऱ्या वाद्यांवरही आहे. हार्मोनियमचं नाव त्यात नाही. शिवाय पोराला हे सांगा की हार्मोनियम आपली नाहीच, पॅरिसमध्ये जन्मली. आलेक्सांद्र दबाँ यांनी १८४०च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. फ्रान्समधल्या ज्या खेड्यांना मोठा ऑर्गन परवडत नव्हता, तिथल्या लॅटिन मिस्साला हार्मोनियमच वाजायची, पायाने भाता मारायची. ती कलकत्त्याला आली, द्वारकानाथ घोष यांनी तिची हातपेटी केली, मग ती तुमच्या मांडीपुढे आली.


पेटीवाला_वसई

@ओढणीवाली, पेटीचं वाचून मी उठून उभा राहिलो. बायको विचारते, काय झालं.

केक खाल्ला. दोन तुकडे.


माहेर_त्रिशूर

सासर मीरा रोडला, माहेर केरळचं, सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या वेगळ्या विधीचे कॅथलिक. आमच्याकडची बातमी वाचून तुम्हाला हसू येईल. तिकडे २०२१ मध्ये सिनडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, ठरवलं की मिस्साच्या पहिल्या भागात फादर लोकांकडे बघतील आणि मुख्य अर्पणात वेदीकडे. एर्नाकुलमच्या बहुतेक फादरांनी आणि लोकांनी ठाम नकार दिला, आम्हाला पूर्ण वेळ तोंड आमच्याकडेच हवं म्हणून. पोलीस आले, कॅथेड्रल बंद राहिलं. फ्रान्समध्ये पाठीसाठी भांडण, आमच्याकडे तोंडासाठी. माझ्या आईने त्या काळात रोज टीव्हीवरची मिस्सा बघितली. म्हणायची, टीव्हीत फादर कुठेही बघोत, माझ्याकडेच बघतात.


आगाशीची_मावशी

नात टाईप करते आहे, चुका तिच्या.

बाबा, तू विचारलंस लॅटिन मिस्सा कशी होती. माझा जन्म सत्तेचाळीसचा. पहिलं कम्युनियन सातव्या वर्षी. रात्री बारापासून पोटात काही नाही. उपासाचे तीन तास झाले ते नंतर, एक तास तर त्याहून नंतर. पहाटेची मिस्सा, वाडीतून चालत जायचं, थंडीत. एकदा मी ओहोळाशी चक्कर येऊन पडले. आईने तोंडावर पाणी मारलं आणि आधी काय विचारलं असेल? "गिळलं नाहीस ना?"

देवळात बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. डोक्यावर पदर. फादर आल्तारशी, पाठ आमच्याकडे, काय बोलतात ते त्यांना आणि देवाला ठाऊक. पोरं मध्येच काहीतरी म्हणायची, "एत कुम स्पिरितू तुओ", ते त्यांनाही कळत नव्हतं. आम्ही जपमाळ करायचो. सगळी मिस्सा जपमाळेत. आई पाच रहस्यं पूर्ण करायची आणि सहाव्याला लागली की ओळखायचं, फादरांना आज उशीर झाला. घंटी वाजली की खाली मान, परत वाजली की वर बघायचं. फादरांनी वर धरलेलं, पांढरं, एवढंसं. ते मात्र कधी चुकलं नाही. अख्खं देऊळ गप्प. तान्ही पोरंसुद्धा, काय माहीत कशी. तशी शांतता मी परत ऐकली नाही. ओढणीवाल्या मुलीला कशाची ओढ लागली आहे ते मला कळतं.

पण प्रवचन मराठीतच असायचं, हे विसरू नका. आणि नरकाचं असायचं.

चौसष्ट साली मुंबईला मोठी युखरिस्टिक काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा, झाली, पोप आले. आम्ही वसई स्टेशनवरून गाडीने चर्चगेटला, मग ओव्हलवर. मी सतरा वर्षांची. पोप म्हणजे लांब एक पांढरा ठिपका. माझ्या भावाने पैज लावली होती की ते पोप नाहीत, दुसरं कोणी आहे. त्यानंतर हळूहळू मराठी आली, तुकड्यातुकड्याने. आधी वाचनं, मग प्रार्थना, आणि सगळ्यात शेवटी ते मधलं, जे फादर पुटपुटायचे. ते ज्या रविवारी पहिल्यांदा मोठ्याने मराठीत ऐकलं त्या दिवशी घरी येताना माझे वडील काही बोलले नाहीत. अंगणात पाय धुताना म्हणाले, "एवढंच होतं?"

मी खूप वर्षं धरून चालले होते की त्यांना वाईट वाटलं. आता वाटतं, नक्की नाही. शेतकरी माणूस, चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की तिथे फार मोठं, आपल्याला न झेपणारं काही बोलतात. आणि निघालं काय, "घ्या, खा." ते त्यांना कमी वाटलं की जास्त, ते विचारायचं राहून गेलं.

आई मात्र सरळ वैतागली. म्हणाली, आता मध्ये मध्ये उत्तरं द्यावी लागतात, जपमाळ पूर्ण होत नाही.

तुझ्या पोराला सांग, मावशीने लॅटिन मिस्साही पाहिली आणि मराठीही. ओहोळाशी पडले तेव्हा लॅटिन होती. नवरा गेला तेव्हा मराठी होती. आणि त्याच्या आईला विचारणाऱ्या बायकांना सांग, स्वतःच्या घरचं बघा.


अर्धा_फादर

मावशी, दंडवत.

ओढणीवाली, तुमच्या प्रतिसादातलं बरंच मान्य. पण "परिषदेपासून घसरलं" या मांडणीत एक भोक आहे आणि ते फ्रान्समधलंच आहे. तिथल्या चर्चनेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा अहवाल दिला. १९५० पासून धर्मगुरू आणि व्रतस्थांकडून २,१६,००० बळी, असा त्यांचा अंदाज. आणि त्यातले अर्ध्याहून अधिक अत्याचार १९७०च्या आधीचे. म्हणजे बरेचसे लॅटिन आणि वेदीकडे तोंड हे सगळं जागेवर असतानाचे. क्रायसिस होताच, झाकलेला होता.


ओढणीवाली_पुणे

हे मला माहीत आहे आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. मिस्सा सुंदर असली की माणूस चांगला होतो असं मी म्हणणार नाही. पण म्हणून ती सुंदर नव्हती असंही म्हणणार नाही.

आणि रिकाम्या चर्चचं म्हणाल, तर फ्रान्समध्ये २०२५च्या ईस्टरला दहा हजारांवर मोठ्या माणसांनी बाप्तिस्मा घेतला, आदल्या वर्षीपेक्षा ४५ टक्के जास्त. त्यातले बहुतेक साध्या फ्रेंच मिस्सातले. हे संघवाल्यांनाही गैरसोयीचं आहे आणि "तरुणांना गिटार हवं" म्हणणाऱ्यांनाही.

ज्यांनी खरंच नियम पाळून लॅटिन टिकवली त्यांचं काय झालं तेही बघा. १९८८ला संघ सोडून रोमकडे परत आलेल्या फादरांनी सेंट पीटर बंधुसंघ काढला. २००७ मध्ये बेनेडिक्टनी सगळ्याच फादरांना जुनी मिस्सा मोकळी केली. जुलै २०२१ मध्ये फ्रान्सिसनी ती परत आवळली, बिशपच्या आणि बऱ्याच ठिकाणी रोमच्या परवानगीखाली. आज्ञाधारक होते त्यांनाच फटका बसला. संघाला काहीच फरक पडला नाही, ते आधीच विचारत नव्हते. तुमच्या मुलाने दुसऱ्या वर्षी दिशा का बदलली असेल, त्याचं एक कारण हे असू शकतं. विचारून बघा.

काका, शेवटचं. ज्या सहाव्या पॉलनी लॅटिन बाजूला केली, त्यांनीच १९७४ मध्ये जगभरच्या बिशपांना एक छोटी पुस्तिका पाठवली, सोप्या ग्रेगोरियन चालींची. निदान एवढं तरी लोकांना यावं म्हणून. तुम्ही मिस्सा क्रमांक आठ या चालीतलं "किरिए" (प्रभू, दया कर) ऐका, "दे आंजेलिस" म्हणतात ती. पेटीवर बसवून बघा.


पेटीवाला_वसई

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

दाखला काढला. फादरांनी मोठी वही काढली, बोट फिरवत नावापाशी आले, आणि विचारलंच, कुठल्या चर्चला. मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथल्या बिशपांची परवानगी घ्यायला सांगा, आणि लग्न झालं की मला कळवायला सांगा. इथे लिहावं लागतं." समासातली रिकामी जागा बोटाने दाखवली. तीन आठवडे मी याला घाबरत होतो! अर्धा_फादर, शब्दन् शब्द तुमचा.

फोनवर पोराला पत्राचं विचारलं. तो म्हणाला, तिथल्या फादरांनी आधीच अर्ज केलाय, आणि मुलीचे वडील, जे साध्या फ्रेंच मिस्साला जातात, तेही याच मुद्द्यावर अडून बसलेत. म्हणजे व्याही माझ्याच पार्टीचे. हे त्याने मला आधी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं. दिशेचंही विचारलं. २०२१चा विषय निघाला खरा. त्याच्या जवळच्या शहरातली परवानगीची मिस्सा बंद झाली होती, आणि ज्या मित्राबरोबर जायचा तो संघाकडे गेला. पेटीच्या जन्मगावाचंही ऐकवलं. बराच वेळ आवाज नाही. मग, "खरंच?" आणि मागून मुलीचं हसणं.

माझ्याकडूनही एक ऐकवलं. तो सारखं म्हणतो, परंपरा म्हणजे लॅटिन. म्हटलं, मिस्सा रोमने १५७० मध्ये बांधून दिली, आणि १६१६ मध्ये, म्हणजे त्याच जुन्या मिस्साच्या काळात, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यातल्या साष्टीत बसून ख्रिस्तपुराण छापत होते. इंग्रज माणूस, जेझुइट, आणि लिहिलं काय, तर मराठी ओव्या, अकरा हजारांच्या आसपास. मिस्सा लॅटिनमध्ये करायची आणि लोकांना गायला ओवी द्यायची. मग त्यांना परंपरावादी म्हणायचं की मॉडर्न? म्हणाला, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

आता "किरिए". ओढणीवाली, ऐकलं. सगळे शुद्ध स्वर, सरळ बिलावल. मी मुद्दाम तानपुऱ्याचं ॲप लावून बघितलं. अडचण एकच, ताल नाही. चौतीस वर्षं माझा डावा हात भाता मारतो तो तबल्याच्या हिशेबाने, आणि इथे सम कुठे ते कोणी सांगतच नाही, श्वास संपला की ओळ संपली. पहिले दोन दिवस माझा भाता आधी संपत होता की आवाज, तेच कळेना. तिसऱ्या दिवशी जमलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, नवं भजन का? मी हो म्हणालो. रेकॉर्ड करून पोराला पाठवलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर रात्री उशिरा आलं: "दुसऱ्या ओळीत एक सूर जास्त लागलाय पप्पा."

लागलाय खरा. परत ऐकला.

चर्चमध्ये वाजवू देणार नाहीत, तिथे त्यांचा ऑर्गन आहे. पण नंतर हॉलमध्ये जेवण आहे आणि व्याह्यांनी वाजवा म्हणून निरोप पाठवलाय. तर आता वेगळाच प्रश्न. पेटी नऊ किलोची आहे, साडेतीन सप्तकांची, कपलरवाली. मुंबईहून फ्रान्सला विमानात नेली आहे का कोणी? सामानात दिली तर रीड हलतात असं ऐकतो, आणि केबिनमध्ये मावेल असं वाटत नाही. फोल्डिंगची घ्यावी का? त्यांचा आवाज मला पटत नाही.